शिंगराला हायड्रॉलिक

मिरजेहून परतल्यावर हिंदुराव बर्ग्यांनी गावात सांगून टाकलं, की मेव्हण्याच्या घराची वास्तुशांत होती.

"आठवडाभर?" शेजारच्या रानाचा जोतीराम म्हणाला. "घर बांधलंय का किल्ला?"

"सांगलीकडं अशीच पद्धत हाय," हिंदुराव म्हणाले आणि पाय जरा फाकवून, जपून टाकत घराकडं निघाले. मिलिटरीत रणगाडे दुरुस्त करून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. ताठ चालणं ही त्यांची गावातली ओळख. कोरेगावच्या बाजारात ते चालत आले तर भाजीवाल्या बायकासुद्धा पाठ सरळ करून बसायच्या. आणि आता हे असं, बदकासारखं.

खरी गोष्ट अशी, की हिंदुरावांना हर्निया झाला होता. जांघेत आधी लिंबाएवढा फुगा आला, तो त्यांनी लपवला. मग मोसंब्याएवढा झाला, तोही लपवला. पण खोकताना माणूस एक हात तोंडावर आणि दुसरा भलतीकडं ठेवायला लागला, तर बायकोच्या नजरेतून ते किती दिवस सुटणार? बनाबाईंनी त्यांना बखोटीला धरून मिरजेला नेलं.

तिथला डॉक्टर तरुण होता. तपासून म्हणाला, "आजोबा, एवढं जड काय उचलता तुम्ही?"

"काय न्हाई," हिंदुराव छताकडं बघत म्हणाले.

"शिंगरू उचलत्यात," बनाबाई म्हणाल्या.

डॉक्टर थांबला. "घोड्याचं पिल्लू?"

मग बनाबाईंना सगळं सांगावं लागलं. शिंगरू म्हणजे हिंदुरावांचा ट्रॅक्टर. पाचगणीच्या एका शाळेत क्रिकेटचं मैदान राखायला साहेबलोकांनी कधीकाळी आणलेला, लहान चणीचा, अरुंद. शाळेनं तो मोडीत काढला तेव्हा हिंदुराव नुकतेच पेन्शनीत निघाले होते. त्यांनी तो आणला, उघडला, परत जोडला, तांबडा रंग मारला. उसाच्या सरीत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, हा शिरायचा. फटफट करत, मान हलवत सरीतून पळायचा, म्हणून गावानं नाव ठेवलं शिंगरू.

त्याची खोड एकच. मागचं फणांचं अवजार उचलायला त्याला हायड्रॉलिक नव्हतं. शीटच्या उजव्या बाजूला एक लांबलचक लोखंडी दांडा होता. सरीच्या टोकाला आलं, की दोन्ही हातांनी दांडा धरायचा, पाय रोवायचे, दम कोंडायचा आणि खटका वाजेपर्यंत मागं ओढायचा. मग वळायचं, खटका सोडायचा, फण आपटून खाली. पुढच्या टोकाला पुन्हा तेच. दिवसभर. इतकी वर्षं.

"म्हणजे तुम्ही रोज जिममध्ये जात होतात," डॉक्टर म्हणाला, "चुकीच्या." ऑपरेशन झालं, जाळी बसली, टाके पडले, आणि निघताना त्यानं बजावलं, "आता भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. दांडा तर विसराच."

हिंदुरावांनी होकार दिला. मनातल्या मनात मात्र त्यांनी डॉक्टरला सावधानमध्ये उभा करून चांगलं झापलं.

घरी आल्यावर त्यांना कळलं, की माणसाच्या दिवसात बादल्या किती असतात. आंघोळीची बादली, म्हशीची बादली, शेणाची पाटी, पेंडीचं पोतं. कशाला हात लावला, की बनाबाई कुठूनतरी प्रकट व्हायच्या आणि ते हातातून काढून घ्यायच्या. कशावरून वाद नाही, आवाज नाही. नुसतं काढून घ्यायच्या, पोराच्या हातातून चाकू काढून घ्यावा तसं. हिंदुराव मग गोठ्याच्या दाराशी उभे राहायचे आणि म्हशीकडं बघायचे. म्हैस त्यांच्याकडं बघायची. दोघांना काही काम नव्हतं, पण म्हैस निदान दूध तरी देत होती.

अशात उसाला भर लावायची, बुडख्यांना माती चढवायची वेळ आली. मजूर मिळेना. एका सकाळी हिंदुरावांना फटफट ऐकू आलं, आणि ते पाय फाकवत बांधावर पोचले तर काय, बनाबाई शिंगरावर. काष्टा मारलेला, डोक्याला टॉवेल. सरीच्या टोकाला त्या उभ्या राहिल्या, एक पाय मडगार्डला लावला, दांडा धरला आणि अशी काय हाक मारली खंडोबाला, की झाडावरचे बगळे उडाले. खटका वाजला.

"अगं, कंबर वापरू नगंस! पायानं जोर लाव!" हिंदुराव बांधावरून ओरडले.

"पायानं जोर लावूनच तुमचं काय झालं त्ये बघितलंय मी," बनाबाई म्हणाल्या आणि शिंगरू वळवलं.

संध्याकाळी त्यांचा उजवा खांदा सुजून टम्म झाला. हिंदुराव बाम चोळत बसले. एवढं एक काम त्यांना डॉक्टरनं मना केलं नव्हतं. चोळता चोळता त्यांच्या लक्षात आलं, की लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी बायकोचा खांदा त्यांनी असा कधी हातात धरला नव्हता. तो अगदी लहान होता, आणि दांड्यापुढं तर काहीच नव्हता.

"इकून टाकूया का शिंगरू?" त्यांनी विचारलं.

"इकायचं कशाला? त्येला हायड्रॉलिक बसवा. केरबाला बोलवा."

हिंदुरावांचा हात थांबला. दुसऱ्या बाजूलाही हर्निया झालेला त्यांनी आनंदानं चालवून घेतला असता, पण केरबा नको.

केरबा म्हणजे बनाबाईंचा धाकटा भाऊ. तासगावच्या पुढं रस्त्याला त्याचं शेड होतं, तिथं तो जेसीबी आणि पोकलेन दुरुस्त करायचा आणि स्वतःला हायड्रॉलिकमधला सर्जन म्हणवून घ्यायचा. वाईट माणूस नव्हता. पण दर भेटीत तो हिंदुरावांच्या मोटारसायकलीचं इंजिन डोळे मिटून ऐकायचा आणि जिभेनं फक्त "च्च" करायचा. पुढं काही बोलायचा नाही. रणगाड्यांच्या इंजिनांत आयुष्य घालवलेल्या माणसानं हे "च्च" किती वर्षं ऐकून घ्यायचं?

पण बनाबाईंनी कूस बदलताना "आई गं" म्हटलं, आणि हिंदुरावांनी फोन उचलला.

दुसऱ्याच दिवशी केरबा पिकअप घेऊन हजर. उतरल्या उतरल्या तो शिंगराभोवती फिरला, वाकून पोटाखाली बघितलं आणि म्हणाला, "च्च."

"काय झालं?" हिंदुरावांनी दातावर दात ठेवून विचारलं.

"काय न्हाई, दाजी. जुनं हाय."

"जुनं हाय म्हणूनच चालतंय."

पिकअपमधून भंगार उतरायला लागलं. एका मोटारीच्या पॉवर स्टेअरिंगचा पंप, तो इंजिनाच्या पुढच्या पुलीवर पट्ट्यानं फिरणार. आग विझवायच्या लाल नळकांड्याची तेलाची टाकी. एका लोडरचा कंट्रोल, त्याला हातभर नव्हे, बोटभर लिव्हर. आणि एक चमकता सिलिंडर.

"ह्यो कशाचा?" हिंदुरावांनी विचारलं.

"त्ये इचारू नगा. जोर लय हाय त्येच्यात."

"आर्मीत आमी असलं काय बसवायच्या आधी त्येची कुंडली मागायचो."

"दाजी, आर्मीत तुमच्या पाठीशी सरकार हुतं," केरबा म्हणाला. "हितं आक्का हाय. तिला पायजे रिझल्ट."

असं सुरू झालं. वेल्डिंग कुठं मारायचं यावरून वाद, बोल्ट कुठला घालायचा यावरून वाद. हिंदुराव उंबराखाली खुर्ची टाकून हुकूम सोडत होते आणि केरबा ते ऐकल्यासारखं करून उलटं करत होता. तरी मधेच दोघं एखाद्या ब्रॅकेटवर वाकून गप्प व्हायचे, एकाच वेळी मान डोलवायचे, आणि मग आपण सहमत झालो हे ध्यानात येऊन घाईघाईनं वेगळे व्हायचे.

खरी अडचण आली दांड्याची.

"ह्यो कापाय लागंल," केरबा म्हणाला.

"का? राहू दे की. शोभंला."

"दाजी, दांडा ज्या शाफ्टला हाय, त्योच शाफ्ट आता तेलाच्या जोरावर फिरणार. शाफ्ट फिरला की दांडा बी फिरणार. तुमी शीटवर बसलेलं. त्यो येऊन नेमका कुठं बसंल, सांगू का?"

"नगं," हिंदुराव म्हणाले. त्या भागावर आधीच पुष्कळ खर्च झाला होता.

ग्राइंडर त्यांनी स्वतःच हातात घेतला. तो जड नव्हता, आणि बनाबाई भाकरी थापत होत्या. दांड्याचा वरचा भाग हाताळून हाताळून चांदीसारखा गुळगुळीत झाला होता. त्यांच्या आधी शाळेच्या कुणा माळ्याचे हात, मग त्यांचे. ठिणग्या उडाल्या. दांडा मातीत पडला तेव्हा आवाज अगदीच साधा झाला. हिंदुरावांनी ग्राइंडर बंद करून खाली ठेवला. केरबानं त्यांच्याकडं बघितलं, "च्च" करायला तोंड उघडलं आणि कधी नव्हे ते मिटलं. "चहा सांगू का, दाजी?" एवढंच म्हणाला.

दिवस मावळायच्या सुमाराला केरबानं दोन होज पाईप सिलिंडरला जोडले, हात धुतले आणि आक्कानं केलेल्या कोंबडीच्या वासामागं घरात गेला. हिंदुराव मागं रेंगाळले. पाईपांवरून बोट फिरवलं, कंट्रोलपर्यंत गेले, परत आले. आणि त्यांच्या छातीत एक गोड कळ उठली. सर्जननं पाईप उलटे जोडले होते! वरचा खाली, खालचा वर. लिव्हर उचलायला ओढला, तर फण दाबले जाणार.

आता सांगायला काय हरकत होती? हरकत ही, की आत्ता सांगितलं तर ऐकायला एकटी बनाबाई, आणि ती भावाचीच बाजू घेणार. त्यापेक्षा उद्या चार माणसांसमोर चाचणी होईल, फण झोकात उचलले जातील, लोक वाहवा करतील, आणि मग आपण हळूच म्हणायचं, "पाव्हण्यांनी उलटं जोडलं हुतं, मी सरळ केलं." त्यांनी पान्हा घेतला, पाईपांची अदलाबदल केली, तेलाचा हात बनियनला पुसला आणि कोंबडीवर असा ताव मारला, की बनाबाई बघत राहिल्या.

सकाळी अंगणात माणसं जमली. बोलावलं कुणालाच नव्हतं. जोतीराम स्वतःच नारळ घेऊन आला होता आणि देवळाच्या कट्ट्यावरचे सगळे म्हातारे बरोबर. जोतीरामकडं नवा मोठा ट्रॅक्टर होता, कंपनीतूनच हायड्रॉलिक असलेला, आणि तो त्याच्या बोलण्यात रोज एकदा तरी यायचा.

"हिंदुराव, एवढ्या खटाटोपापेक्षा शिंगरू म्युझियमला द्यायचं," तो म्हणाला. "तिकीट लावून बघितलं असतं लोकांनी."

"नारळ फोड आन् गप उभा रहा," हिंदुराव म्हणाले.

नारळ फुटला. हिंदुराव शीटवर चढले. बनाबाई "हळू, हळू" म्हणत होत्या, ते त्यांनी ऐकलं नाही. इंजिन सुरू झालं, पंप घरघरला. केरबा हाताची घडी घालून उभा होता, चेहऱ्यावर एक गालातलं हसू. हिंदुरावांच्या गालातही तसंच हसू. त्यांनी गर्दीकडं एक नजर टाकली, पाठ ताठ केली आणि दोन बोटांनी लिव्हर पूर्ण ओढला.

फण उचलले गेले नाहीत. ते जमिनीत घुसले, कडक माती लागली आणि अडले. सिलिंडरला मात्र थांबायचं ठाऊक नव्हतं. फण खाली जात नाहीत म्हटल्यावर त्यानं ट्रॅक्टरच वर उचलला. शिंगराची मागची दोन्ही चाकं जमीन सोडून अधांतरी झाली, ढुंगण आभाळाला लागलं, तोंड मातीत. लाथ मारायच्या बेतात असलेलं जनावर दिसावं तसं. आणि त्याच्या पाठीवर हवालदार हिंदुराव बर्गे, स्टेअरिंगला मिठी मारून.

घाबरून त्यांनी लिव्हर सोडला. लिव्हर मधे आला, तेल जागच्या जागी कोंडलं आणि शिंगरू तसंच वर राहिलं, डुगडुगत.

"वर घ्या, दाजी! वर घ्या!" केरबा ओरडला. फण वर घ्या, असं त्याला म्हणायचं होतं.

"आन् किती वर घिऊ रं, भाड्या!" हिंदुराव ओरडले.

"उलटा ढकला लिव्हर!"

पण हात सुटेनात. शीटवरून ते पुढं घसरत होते, पोट स्टेअरिंगवर दाबलं जात होतं, आणि जांघेत कुठंतरी काहीतरी ताणलं गेल्यासारखं वाटलं. त्यासरशी त्यांचा सगळा धीर सुटला.

"टाकं!" ते किंचाळले. "माझं टाकं तुटत्यात! बने, माझं टाकं! डाक्टरनं बादली बी उचलायची न्हाई म्हणून सांगितलं हुतं गं!"

अंगणातल्या सगळ्या माना पुढं आल्या.

"कसलं टाकं?" जोतीराम म्हणाला. "वास्तुशांतीला टाकं घालत्यात व्हय?"

तेवढ्यात बनाबाई पुढं आल्या. पदर खोचला, तिरक्या झालेल्या शिंगराच्या बाजूला टाचा उंचावून उभ्या राहिल्या आणि बोटानं लिव्हर दुसऱ्या बाजूला ढकलला. गाय बसावी तसं शिंगरू हळूहळू खाली आलं. चाकं टेकली. बनाबाईंनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "दुखतंय का?"

हिंदुरावांनी हात खाली नेऊन चाचपलं, सगळ्या गावासमोर. आता लपवायचं होतं काय? "न्हाई," ते म्हणाले. "जाग्यावर हाय सगळं."

मग हसणं फुटलं. म्हातारे एकमेकांच्या अंगावर पडून हसले. जोतीराम तर इतका हसला, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्याला खोकला लागला, आणि खोकता खोकता तो वाकला. वाकताना त्याचा उजवा हात आपसूक धोतरावर गेला आणि एका ठरावीक जागी घट्ट दाबून बसला.

हिंदुरावांनी ते बघितलं. तो हात त्यांना चांगला ओळखीचा होता.

"जोतीराम," ते शीटवरून म्हणाले, "लिंबाएवढं हाय का मोसंब्याएवढं?"

जोतीरामचं हसू थांबलं. "काय?"

"डावीकडं का उजवीकडं, तेवढं सांग."

जोतीरामनं इकडं तिकडं बघितलं. सगळे त्याच्या हाताकडं बघत होते. तो हात काढायला गेला, पण खोकल्याची आणखी एक उबळ आली आणि हात परत तिथंच. "उजवीकडं," तो शेवटी पुटपुटला. "पट्टा लावतोय. दोन वर्सं झाली."

"माझं दुन्हीकडं हाय," मागून एक म्हातारा म्हणाला, जरा अभिमानानंच. आणि मग तिसरा कुणीतरी विचारायला लागला, की मिरजेचा डॉक्टर कसा आहे, हात हलका आहे का, आणि भादरायला बाई असते का बाप्या. हिंदुराव खाली उतरले आणि उंबराखालच्या खुर्चीत बसून एकेकाला उत्तरं द्यायला लागले. टाके कसे पडतात, जाळी कशी बसते, कुठल्या कुशीवर झोपायचं. रणगाड्याच्या गोष्टी सांगताना कधी मिळाले नव्हते इतके मन लावून ऐकणारे त्यांना त्या सकाळी मिळाले.

केरबा मात्र शिंगराखाली आडवा होऊन पाईप तपासत होता. "ह्ये कसं झालं?" तो स्वतःशीच बडबडत होता. "काल उलटं जोडलं हुतं त्ये जेवताना ध्यानात आलं. मग सकाळी दाजी आंघोळीला गेल्यावर मीच तर बदललं."

हिंदुरावांनी बोलणं अर्धवट सोडलं. "तू बदललंस?"

"व्हय."

"आरं, मग मी काल दिवस मावळताना कशाला बदललं हुतं?"

हिंदुराव खुर्चीतून उठले.

"सरळ जोडलेलं तू परत उलटं केलंस व्हय रं!"

"तुमी सांगायचं न्हाई व्हय, दाजी?"

"तू सांगितलंस का?"

"दोघांची तोंडं आता बंद करा," बनाबाई म्हणाल्या. "ह्येंच्या बनियनला त्येल, ह्येच्या रुमालाला त्येल. धुवायला मी हायच. पाईप बदला आन् फडक्याचं तुकडं बांधा त्येला कसलं तरी, म्हंजी ध्यानात ऱ्हाईल."

केरबानं पाईप बदलले. वरच्या पाईपला लाल चिंधी बांधली, खालच्याला पिवळी. दाब किती ठेवायचा यावर दाजींचं मत विचारलं आणि आश्चर्य म्हणजे ते मानलंही. दाब कमी केल्यावर सिलिंडर माणसात आला. लिव्हर ओढला, की फण अलगद वर. ढकलला, की अलगद खाली. केरबानं इंजिनाला कान लावला, डोळे मिटले. हिंदुराव श्वास रोखून "च्च"ची वाट बघू लागले.

"बरं वाजतंय," केरबा म्हणाला.

"बरं?"

"लय बरं, दाजी."

दुपारी उसात पहिली सरी धरली ती बनाबाईंनी. एक सरी झाली की मी, असं हिंदुराव म्हणाले होते, आणि बनाबाईंनी मान डोलवली होती. सरीच्या टोकाला त्या आल्या. दोन बोटं लिव्हरवर, दुसऱ्या हातानं टॉवेल सारखा करताहेत, आणि मागं वळून न बघता फण वर. शिंगरू वळलं आणि दुसऱ्या सरीत शिरलं.

"अगं, माझी पाळी!" हिंदुराव बांधावरून ओरडले.

इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसावं. किंवा गेलं असावं. ती सरी झाली, मग तिसरी झाली. बनाबाई आता शीटवर जरा रेलून बसल्या होत्या आणि काहीतरी गुणगुणत होत्या, ओठ हलताना दिसत होते. हिंदुराव उठून उभे राहिले, हुकूम सोडायला छाती भरून श्वास घेतला, आणि मग का कुणास ठाऊक, तो तसाच सोडून परत बसले. जोतीराम शेजारी येऊन बसला. त्याला सोमवारी मिरजेला जायचं होतं आणि एकट्याला भीती वाटत होती. हिंदुरावांनी खिशातल्या भुईमुगाच्या शेंगा काढल्या, अर्ध्या त्याच्या हातावर ठेवल्या, आणि येतो म्हणाले बरोबर.